गॅस म्हटलं की हात सोडायचा

मृणालिनी रेगे भित्री होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे लोक तिच्याबद्दल काहीबाही बोलले. कुणी वाघीण म्हटलं, कुणी ‘पोलिसांपुढे हात जोडणारी’ म्हणून नाक मुरडलं. वाघीण ती कधीच नव्हती. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायची. ट्रामचे रूळ ओलांडताना दोन्हीकडे बघून झालं की पुन्हा एकदा दोन्हीकडे बघायची, तोवर ट्राम खरंच यायची. हेडमास्तर शामराव बाहेर नुसते खाकरले तरी तिच्या हातातला खडू मोडायचा. मोडलेले तुकडे मुली वाटून घ्यायच्या आणि शामरावांच्या खोकल्याला दुवा द्यायच्या.

गिरगावात मुगभाटातल्या एका खोलीत ती आणि तिची आई, दोघीच. बाप लवकर गेलेला. पोर शिकली, ट्रेनिंग झालं आणि नोकरी लागली ती लालबागला, गिरण्यांच्या ऐन पोटात. आई म्हणाली, “अगं, दूधवाल्याने कडी वाजवली तर तू दचकतेस. तिथे तर भोंगे.”

“सवय होईल,” मृणालिनी म्हणाली.

सवय काही झाली नाही. ती रोज दचकायची आणि रोज जायची. भित्र्या माणसांचं एक असतं, त्यांना घरी बसायचीही भीती वाटते.

शाळा मुलींची. मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या इमारतीचा वरचा मजला, एवढीच. इमारतीच्या अंगाने एक गल्ली आत जायची. गल्लीचं एक टोक रस्त्याला उघडं, दुसऱ्या टोकाला चाळीची आडवी भिंत, म्हणजे तिकडून वाट बंद. दोन्ही बाजूंना चाळी, आणि शाळेच्या मुली बहुतेक त्याच चाळींतल्या. त्यांच्या आयांना ‘मृणालिनी’ म्हणता येईना. कुणी मुरनाळबाई म्हणायची, कुणी सरळ नळबाई. नव्या माणसाला वाटावं, नळावरची भांडणं सोडवायला सरकारने बाई नेमली आहे.

सातवीच्या पुस्तकात एक धडा होता. घन, द्रव आणि वायू. दगड घन, पाणी द्रव, हवा वायू. इथवर ठीक. पुढे लिहिलेलं, की प्रत्येक वस्तू बारीक बारीक कणांची बनलेली असते आणि ते कण कधी स्वस्थ बसत नाहीत. दगडातलेसुद्धा. आता हे कुणी बघितलंय? पाट्यावर वाटण वाटता वाटता बायकांचे जन्म गेले, पाटा कधी कुणाला थरथरताना दिसला नाही. पण पुस्तकात आहे त्याअर्थी खरं असणार, आणि खरं असेल तर ते मुलींना समजलं पाहिजे, अशी मृणालिनीची समजूत. बाकीच्या बाया धडा वाचून दाखवत आणि उत्तरं फळ्यावर लिहून देत. हिला ते जमत नव्हतं.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, “वायू कसा असतो, कोण सांगेल?”

मागच्या बाकावरची राधा उठली. “बाई, आमच्या आज्याला वायू होतो.”

“बरं, मग?”

“सगळी खोली रिकामी होते.”

वर्ग असा हसला की पलीकडून शामराव खाकरले. मग तर पोरींना चेव आला. “बाई, तो पसरतो!” “बाई, दिसत नाही पण कळतो!” “बाई, त्याला आकार नसतो!” उत्तरं खरं तर बिनचूक होती. पण मृणालिनीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, खडू मोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने तो शब्दच टाकून दिला. वायूला गॅस म्हणायचं. इंग्रजी शब्दाला कोणी हसत नाही.

शामरावांना ते खटकलं. “रेगेबाई, बाहेर मराठी राज्यासाठी लोक तुरुंगात जाताहेत आणि तुम्ही वर्गात गॅस गॅस करता?”

“सर, ते वायू म्हटलं की मुली...”

“मुली काय?”

हेडमास्तरांना आज्याची गोष्ट कशी सांगायची? “काही नाही सर,” ती म्हणाली. आणि गॅस तसाच राहिला.

मग तिने बाकं भिंतीकडे सरकवली आणि मुलींना मधे उभं केलं. “तुम्ही सगळ्या कण. मी जाळ.” ती ‘घन’ म्हणाली की मुलींनी एकमेकींचे हात घट्ट धरायचे, जागा सोडायची नाही, पण जागच्या जागी थरथरायचं. पोरी अशा थरथरल्या की खालचा शिंपी वर येऊन बघून गेला. बाईंची टाळी म्हणजे जाळ. टाळ्या जलद झाल्या की जाळ वाढला, मग एक हात सोडायचा, दुसरा कुणाच्या तरी खांद्याला लावून ठेवायचा आणि जत्रेतल्यासारखं एकमेकींतून सरकायचं. झालं पाणी. आणि टाळ्या तडतडायला लागल्या की बाई ओरडायच्या, “गॅस!” मग कुणी कुणाचं नाही. गॅस म्हटलं की हात सोडायचा. सरळ पळायचं, भिंत लागली की वळायचं, पुन्हा सरळ पळायचं. टाळ्या हळू झाल्या की जाळ उतरला, पोरींनी मंद व्हायचं, जवळ यायचं. आणि बाईंनी दोन्ही तळवे जोडून धरले की जाळ विझला. असेल तिथे थांबायचं.

सगळ्या शाळेला हेवा वाटावा असा तो तास असायचा. शेजारच्या वर्गातल्या मुली दारातून डोकावायच्या आणि विचारायच्या, “आज तुम्हाला उकळवलं का गं?”

सातवीत शेवंती म्हणून एक मुलगी होती. कमी बोलायची. सांगितलेलं शब्दाला शब्द पाळायची, त्यापुढे काडी नाही. ‘खिडकी उघड’ म्हटलं तर एक खिडकी उघडायची आणि दुसरीशी उभी राहायची, कारण दुसरीचं कोणी बोललेलं नसायचं. एकदा खेळ संपल्यावर ती टेबलाशी आली.

“बाई, भिंतच नसली तर?”

“कुठली भिंत?”

“गॅसची. भिंत नसली तर कण वळणार कसा?”

“नाही वळणार. मग तो जातच राहतो.”

“कुठवर?”

तेवढ्यात घंटा झाली. मृणालिनीला सुटल्यासारखं वाटलं. कुठवर ते तिलाही ठाऊक नव्हतं.

छप्पन्न सालचा जानेवारी उजाडला, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या हातात राहणार, असं रेडिओवर सांगितलं गेलं. लालबाग-परळात त्या संध्याकाळी चुली पेटल्या की नाही कोण जाणे, माणसं मात्र पेटली. सकाळी गिरगावात आईने मृणालिनीचा पदर धरला. “आज नको जाऊस गं.” पण शाळा बंदचा हुकूम वरून आला नव्हता. न जावं तर शामराव, जावं तर रस्ता. ती ट्रामने गेली. ट्राम जवळजवळ रिकामी होती आणि कंडक्टर तिकीट फाडताना बाहेरच बघत होता.

जिन्याच्या तोंडाशी शेवंतीची आई उभी होती. रमाबाई. गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती, नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. पोरीचा हात तिने मनगटाशी धरला होता, भाजीवाल्याने सुटे पैसे मोजून हातात द्यावे तसा तिने तो मृणालिनीच्या हातात दिला.

“बाई, खोलीत येकटी ठेवायला जीव होत नाय. घरात कोण नाय. माझी येकच हाय. पाळी सुटली की मीच न्यायला येते. तवर हिचा हात सोडू नका.”

“नाही सोडणार,” मृणालिनी म्हणाली. कुणी इतक्या विश्वासाने काही दिलं की तिला ते पडेल असंच वाटायचं.

वर्गात निम्म्याच मुली आल्या होत्या. दुपारपर्यंत कसंबसं निभावलं. मग रस्त्यावरून आवाज यायला लागला. आधी घोषणा, मग धावण्याचा, मग पत्र्यावर गारा पडाव्या तसा दगडांचा. चौथीच्या वर्गातली काच फुटली. शामराव धावत आले, आणि ते खाकरले नाहीत, यानेच मृणालिनीचं धाबं दणाणलं.

“रेगेबाई, इथे ठेवणं धोक्याचं आहे. लहान मुलींना मी खालच्या शिंप्याच्या खोलीत घेतो. तुमच्या सगळ्या याच गल्लीतल्या. मागच्या जिन्याने उतरा आणि ज्याची त्याला पोचवा.”

“सर, शेवंतीची आई म्हणाली, ती येईपर्यंत...”

“तिला कमलाबाईंकडे बसवा. चला, उठा!”

कमलाबाई म्हणजे गल्लीतली मालवणी खानावळवाली. तिची खोली तळमजल्याला, जिन्यापासून थोडी आत. हाकेचं अंतर. पण भित्र्या माणसाची हाक कुठवर जाते?

खाली उतरल्यावर मृणालिनी हळूच म्हणाली, “घन.” मुलींनी हात धरले. कुणी हसलं नाही. एका हाताने तिने शेवंतीला धरलं होतं, शेवंतीच्या दुसऱ्या हाताला राधा, राधाला पुढची, अशी ती साखळी भिंतीला घासून निघाली. दारं बंद होती. वर गॅलऱ्यांत बायका बादल्या आणि भिजवलेली गोणपाटं घेऊन उभ्या होत्या. शेवंतीचा हात थंड होता, तिचा स्वतःचा घामाने निसरडा.

आणि रस्त्याच्या टोकाकडून माणसं गल्लीत घुसली. तोंडाला रुमाल, डोळे लाल. सगळ्यांत पुढचा जीव खाऊन ओरडत होता.

“ग्यास आला! ए, ग्यास! ग्यास आला रे!”

शब्द कोण म्हणालं हे मुलींनी पाहिलंच नाही. शब्द ऐकला. इतके महिने तो ऐकला की जे करायचं ते त्यांनी केलं. हात सोडले आणि सुटल्या.

एक या जिन्याकडे, एक त्या मोरीकडे, एक येणाऱ्या माणसांच्या पायांत. सरळ पळायच्या, भिंतीला तळवे टेकायच्या, वळायच्या, पुन्हा सरळ. दोघी तर हसत होत्या! राधा हसत होती. बाईंनी आज गल्लीत खेळ काढला असंच तिला वाटलं असणार. आणि मागून तो खरा धूर आला, पोलिसांचा अश्रुधूर. जमिनीलगत, मांजरासारखा. नाकाडोळ्यांत मिरच्या जळल्याचा खाट उठावा तसं झालं, पण फोडणीचा खाट दार उघडलं की जातो, हा दारातूनच येत होता.

मृणालिनीने “थांबा” म्हणायला तोंड उघडलं आणि नुसता खोकला बाहेर पडला. काळजाचं पाणी होणं म्हणतात ते पुस्तकात नव्हतं, तिला तिथे कळलं. आवाज नाही म्हणून तिने टाळ्या वाजवायला घेतल्या. हात भीतीने थडथडत होते, टाळ्या तशाच पडल्या, तडतड तडतड. आणि पोरी आणखी जोरात पळायला लागल्या.

“बाईंनी जाळ वाढवला!” कुणीतरी ओरडलं.

तेव्हा तिला समजलं. पोरींना तीच तापवत होती. तिची भीती हातांतून टाळीत आणि टाळीतून पोरींच्या पायांत चालली होती. पोरी थंड व्हायच्या असतील तर आधी हिने व्हायला हवं. आणि ते आजवर कुणी सांगूनही तिला जमलेलं नव्हतं, ना झुरळापुढे, ना शामरावांपुढे.

तिने तळवे एकमेकांवर दाबले. दाबून धरले. मग सोडले, एक टाळी. थांबली. हात पुन्हा जवळ धावत होते, ते तिने ओढत्या गुराला धरावं तसे धरून ठेवले. दुसरी टाळी. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, आणि ही बाई भर गल्लीत देवळातल्यासारखी संथ टाळी वाजवते आहे! वरून एक बाई ओरडली, “येडी झाली काय गो नळबाई?” पण एक पोर मंदावली. मग दुसरी. राधा खोकत खोकत जवळ आली, तिचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. चिकटत चिकटत सगळ्या आल्या.

कमलाबाईने दार उघडलं. तिच्या हातात पाण्याची कळशी होती. “हय आणा सगळ्या चेडवांका! डोळे चोळू नकात गो, पाणी मारा! बाईनु, तुमी पण आत येवा.”

मुली आत गेल्या. मृणालिनी उंबऱ्यावर थांबली. आत कोण गेलं, कोण राहिलं, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. तिचा उजवा हात रिकामा होता. तो हात कुणी सोडला, पोरीने की तिने, हे तिला पुढे जन्मभर सांगता आलं नाही. शब्द कानावर पडला तेव्हा आपलाही हात डोळ्यांकडे गेला होता, एवढं तिला आठवायचं.

“शेवंती कुठाय?”

“बाई, ती सरळ गेली,” राधा म्हणाली.

“कुठे सरळ?”

राधाने बोट दाखवलं. गल्लीच्या उघड्या टोकाकडे. जिकडे भिंत नव्हती.

“जातच राहतो” असं कुणी सांगितलं होतं? कमलाबाई म्हणाली, “तुमी भियातात, मी जातंय.” पण ती वजनाने भारी, आणि दाराला पोरी बिलगलेल्या. “तुम्ही यांना बघा,” असं मृणालिनी म्हणाली, निदान तसं म्हणाल्याचं कमलाबाई सांगते. ओला पदर नाकाला लावून ती भिंतीभिंतीने टोकाला गेली.

मोठा रस्ता तिने रोज पाहिला होता, पण असा नाही. रुळांवर एक ट्राम काचा फुटून उभी होती, आत कुणी नाही. जिकडे तिकडे दगड आणि चपला. एकेक, जोडी कुठलीच नाही. उजव्या हाताला, थोड्या अंतरावर, पोलिसांची रांग. डावीकडे ट्रामच्या आडोशाला पोरं, हातांत दगड. मधला रस्ता मोकळा. आणि त्या मोकळ्या रस्त्यापलीकडे गिरणीची उंच काळी भिंत, आणि भिंतीला दोन्ही तळवे टेकून शेवंती.

म्हणजे तिला भिंत मिळाली होती. आणि भिंत मिळाली की काय करायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती वळली. आता पुन्हा सरळ, त्या मधल्या रस्त्यातून.

हाक मारावी तर गळ्यात आवाज नाही, आणि हाकेने ती धावलीच असती. मृणालिनीने दोन्ही हात वर केले आणि तळवे जोडले. घट्ट. जाळ विझला. थांब, असशील तिथे.

शेवंती थांबली. एक पाय पुढे टाकलेला, तो तिने मागे घेतला.

रांगेतून एक हवालदार चार पावलं पुढे आला. बोलण्यावरून घाटावरचा. “ओ बाई! कुठं मरायला आलाय? घरात जावा!”

तिने हात तसेच धरून ठेवले. सोडले तर पोर निघेल.

“हात काय जोडताय? देव हाय का मी? जावा म्हणतो ना!”

ती जागची हलेना. तिची नजर कुठे आहे ते मग त्याने पाहिलं. वळून बघितलं. गिरणीच्या भिंतीशी परकरातली एक पोर.

“तुमची?”

तिने होकाराची मान हलवली. सकाळपासून ती पोर तिचीच होती.

हवालदाराने मागे रांगेकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. “जावा, घेऊन या. पळू नका. पळणारं माणूस दिसलं की... हळू जावा. हळू. पर लवकर या, बाई. वरनं हुकूम सुटला तर माझ्या हातात काय न्हाई.”

हळू जा पण लवकर ये. असा रस्ता कुणी कधी ओलांडलाय? रूळ ओलांडताना तिने या वेळी इकडेतिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय उचललाच नसता. जोडलेले हात छातीशी धरून, चपला चुकवत, ती चालत गेली. ट्रामच्या आडून एक पोरगा ओरडला, “ओ मावशी, हात कसले जोडता त्यांना? लाज नाय?” तेही तिने ऐकलं.

शेवंती जागच्या जागी थरथरत होती. शिकवल्याप्रमाणे थरथरत होती की खरीच, ते कळायला मार्ग नव्हता.

“बाई, हात धरू?”

“धर.”

दोघी परत निघाल्या. अर्ध्या रस्त्यात शेवंती म्हणाली, “बाई, तुमचा हात दुखतोय मला.” मृणालिनीने पकड सैल केली नाही. गल्लीत शिरून त्या दुसऱ्या जिन्यापाशी पोचल्या आणि मागे आवाज झाला. फटाक्यासारखा नाही. कोरडा, फळी मोडल्यासारखा. मग आणखी. मग बायकांचा. मृणालिनीने वळून बघितलं नाही. तो ओरडणारा पोरगा तिच्या मनात आला, आणि पुढे कित्येक वर्षं, मावशी म्हणून कुणी हाक मारली की तो मनात यायचा. त्याला काही झालं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.

पाळी अर्धवट सोडून बायका गिरणीच्या मागच्या दाराने आल्या. एकेक आई आली, एकेक पोर गेली. रमाबाई सगळ्यांच्या शेवटी आली, अनवाणी. शेवंतीला तिने डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, बाजारात गाडगं वाजवून बघावं तसं.

“रस्त्यावर गेलीस म्हणं. कशाला गेलीस?”

“ग्यास म्हणाले.”

“मग?”

“बाईंनी शिकवलंय. गॅस म्हटलं की हात सोडायचा आणि सरळ पळायचं.”

मृणालिनी पिंपाशी बसली होती, तिने हातातली कपबशी खाली ठेवली. तिने तोंड उघडलं. पण कमलाबाईच मधे पडली.

“बघा! म्हणजे बाईनी आधीच शिकवून ठेवलेला! ग्यास इलो की काय करूचा ता! आमका कोणी शिकवला?”

“तसं नाही हो कमलाबाई, ते धड्यातलं...” मृणालिनीचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. गॅलरीतल्या बायकांनी ते आधीच वर नेलं होतं. नळबाईंनी पोरींना ग्यासची तालीम दिली! फक्त रमाबाई त्यांच्यात नव्हती. तिने मृणालिनीकडे एकदा बघितलं, पोरीचा हात धरला आणि गेली. त्या बघण्यापुढे हवालदार बरा, असं मृणालिनीला झालं.

रस्ते बंद, म्हणून काही दिवस ती कमलाबाईकडेच राहिली. बाहेर तिची वाघीण झाली होती, नाक्यावर हात जोडणारी झाली होती. शामरावांनी निरोप पाठवला की तालमीचं कुठे बोलू नका, चौकशी होईल. तिला त्यातलं काही भिववीना. तिच्या पोटात एकच बसलं होतं. ‘हात सोडू नका’ म्हणून जिने पोर दिली, ती आता देईल का? आणि का द्यावी?

शाळा उघडली तेव्हा फुटलेल्या काचेला पुठ्ठा लावला होता. पहिल्याच तासाला दारात शेवंती, आणि मागे रमाबाई. कामावर न जाता आलेली. खडू मोडला, हे सांगायला नकोच.

“बाई, काय शिकवलं होतं हिला, ते परत शिकवा,” रमाबाई म्हणाली. “मी बसते.”

“आता?”

“आताच.”

ती मागच्या बाकावर बसली, मांडीवर हात ठेवून. मृणालिनीने बाकं सरकवली. मुलींनी हात धरले, थरथरल्या, सरकल्या. शेवटच्या वेळी ती थांबली आणि म्हणाली, “वायू.” राधा फिसकन हसली, पाठोपाठ वर्ग हसला, आणि हसत हसत सुटल्या. भिंतीपर्यंत आणि परत. मृणालिनीने टाळी हळू हळू उतरवली. तळवे जोडले. सगळ्या थांबल्या.

मग ती मुलींकडे वळून म्हणाली, “हा खेळ या चार भिंतींतला. बाहेर कुणीही काहीही ओरडलं तरी हात सोडायचा नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं.” हे ती मुलींना म्हणाली, पण मुलींपैकी कुणाकडेच बघत नव्हती.

रमाबाई उठली. पदर सारखा केला. दाराशी जाऊन थांबली.

“बाई, तुमी लई भिता.”

“हो,” मृणालिनी म्हणाली.

रमाबाईने पुठ्ठा लावलेल्या खिडकीकडे बघितलं, मग पोरीकडे.

“पोर उद्याबी येईल,” ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.